कोण कोणावर रेललंय?

“इग्गल्डनकाका, तुमचं घर आमच्यावर रेललंय, की आमचं तुमच्यावर?”

हा प्रश्न विचारायची टॅम्झिनची छाती नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. शाळेच्या वादविवाद संघाची नवी कोरी कर्णधार ती. छाती नाही म्हणजे काय! शुक्रवारी शाळा सुटल्यावर काकांच्या भरल्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत तिने विचारून टाकलं.

हाय स्ट्रीटवर टॅम्झिनच्या बाबांची बेकरी आणि इग्गल्डनकाकांचं हार्डवेअरचं दुकान पाचशे वर्षं एकमेकांना चिकटून उभी होती. म्हणजे घरं; मालक अलीकडचे. ओकच्या काळ्या तुळया, मधे पांढरा गिलावा आणि ढेरी सुटल्यासारखा फुटपाथवर आलेला वरचा मजला. दोन्ही घरं जेवणानंतर एकमेकांच्या खांद्यावर पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी कललेली. मालकांचं मात्र विळ्याभोपळ्याचं सख्य. इकडे भिंतीला तडा गेला की बाबा म्हणत, तो खिळेवाला ढकलतोय. तिकडे कौल सरकलं की काका म्हणत, पाववाला अंगावर पडतोय. बोलणं तर टॅम्झिन रांगत असल्यापासून बंद.

प्रश्न ऐकून काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बापाला जाऊन सांग, माझं घर स्वतःच्या पायावर उभं आहे. पाहिजे तेवढं वजन ठेवून दाखवतो.”

आणि खरंच, खालचे रंगाचे सगळे डबे आणि खिळ्यांची खोकी त्यांनी वरच्या मजल्यावर नेऊन रचली. नेमकी मधल्या भिंतीला लावून.

शनिवारी सकाळी बेकरीच्या वरच्या मजल्यावरच्या टॅम्झिनच्या खोलीचं दार उघडेना.

आणि आज तर स्पर्धा! विषय ‘बोलण्याने प्रत्येक भांडण मिटतं’. अनुकूल की प्रतिकूल, ते कर्णधाराने ऐनवेळी जाहीर करायचं. टॅम्झिनने अनुकूल भाषण आरशासमोर घोकून ठेवलं होतं. शाळेची बस बेकरीसमोर थांबणार होती, आणि कर्णधार आतून दाराला लाथा घालत होती.

बाबांनी बाहेरून चौकट पाहिली. ती भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी पिचकली होती. खालची तुळईच वाकली होती. आईने सुचवलं की शेजारी जाऊन नीट सांगा, डबे हलवतील ते.

“मी? त्याच्याशी बोलू?” बाबा कडाडले, आणि व्हॅनमधला जॅक घेऊन स्वयंपाकघरात शिरले. तुळईखाली जॅक लावून त्यांनी दोन फेरे दिले. घर कण्हलं. दार चार बोटं उघडलं. टॅम्झिन त्या फटीत खांदा घालते तोच शेजारून बोंब उठली. इकडची तुळई उचलल्याबरोबर काकांच्या दुकानाचं दार अडकलं होतं, आत गिऱ्हाइकांसकट.

काकांकडे काय, जॅकच जॅक. त्यातला सगळ्यात मोठा त्यांनी आपल्या बाजूने लावला. टॅम्झिनचं दार धाडकन पुन्हा बंद. मग बाबांचा एक फेरा, काकांचा एक फेरा. तुळई चरकातल्या उसासारखी करकरायला लागली. खाली बसचा भोंगा वाजला. टॅम्झिन घसा फोडून ओरडली, पण हट्टाला पेटलेल्या माणसांना ऐकू येत नाही.

शेवटी मधली भिंतच वैतागली. काठ्यांवर थापलेल्या मातीचा एक अख्खा चौकोन सुटला आणि पलीकडच्या डब्यांवर कोसळला. धुरळा बसल्यावर टॅम्झिनने भोकातून पाहिलं. तिच्या पलंगाखालून निघालेली तुळई काकांच्या शेवटच्या भिंतीपर्यंत सलग गेली होती. कुठे सांधा नाही की दुसरी तुळई नाही. कोणी कोणावर रेललं नव्हतं. घर एकच होतं. मधे कोणीतरी कधीतरी माती थापली होती, एवढंच.

भोकातून पलीकडे, एक पाय हिरव्या रंगात बुडवून, काकांच्या जिन्याने खाली आणि दुकानाच्या खिडकीतून बाहेर, अशी ती फुटपाथवर पोचली. मागोमाग तिला रागे भरत काकाही खिडकीतून उतरले. आई-बाबा धावत आले. सर्वांगाला माती फासलेल्या टॅम्झिनने तिघांना ठणकावून सांगितलं, “भांडता कसले? एकच घर आहे ते!”

दोघं पुरुष मान वर करून घराकडे बघू लागले. टॅम्झिनला वाटलं, मिटलं एकदाचं.

“एकच?” बाबा हळूच म्हणाले. “मग भोक यानेच बुजवायचं.”

“मी? जॅक आधी कोणी लावला रे, पाववाल्या?”

“डबे आधी कोणी रचले?”

बसने पुन्हा भोंगा दिला. टॅम्झिन हिरव्या पावलाने पायरीवर चढली आणि मागे वळली.

“आई, बाबा, माझा निर्णय झालाय,” ती म्हणाली. “मी आज प्रतिकूल बाजूने बोलणार.”