खरं सांगणारी शलोमी सिस्टर

आमच्या गल्लीतली शलोमी सिस्टर दरवर्षी स्वतःच्या मयताची तालीम घ्यायची. वाढदिवसाला चर्चमधली गाणारी मंडळी घरी बोलवायची, त्यांच्याकडून तीन गीतं म्हणवून घ्यायची आणि मध्येच हात वर करून थांबवायची. "मी मेल्यावरबी असेच रेकसान काय? देवदूत वापस जातीन ना बाप्पा!" मग सगळ्यांना चिवडा आणि चहा.

अकोल्यात पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून ती रिटायर झाली होती. लग्न केलं नव्हतं. "मानूस इथं पाहुना हाय, पाहुन्यानं जातानी तोंड वाकडं करू नये," हे तिचं लाडकं वाक्य. ते ती थेट रोग्याच्या तोंडावर म्हणायची. त्यामुळे घरात कुणी आजारी असलं की तिला येताना पाहून लोक दार लोटून घ्यायचे.

आम्हीही लोटलं होतं. बाबांचं लिव्हर गेलं होतं आणि आम्ही त्यांना "कावीळ आहे, उतरेल" असं सांगत होतो. सिस्टर मागच्या दारानं आली, खाटेवर टेकली.

"काकाजी, दिवस थोडेच हायेत. कोनाशी अबोला हाय काय?"

मी संतापलो. पण बाबा शांतपणे म्हणाले, "तेल्हाऱ्याच्या बहिणीशी."

अकरा वर्षं ते आत्याशी बोलले नव्हते. मी फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी आत्या आली. चार दिवस बाबा तिच्या हातची पेज पीत होते आणि लहानपणी विहिरीत कुणी कुणाला ढकललं यावरून दोघं भांडत होते. पाचव्या दिवशी बाबा गेले. मी सिस्टरची माफी मागायला गेलो, तर म्हणाली, "माफी कायची? बस, चिवडा खा."

गेल्या उन्हाळ्यात तिच्याच पोटात गाठ निघाली. पसरलेली. गल्लीला वाटलं, ही तर हसत जाईल. तीही सगळ्यांसमोर हसायची. एका दुपारी मी आणि माझी बायको मंदा टरबूज घेऊन गेलो, तर सिस्टर भिंतीकडे तोंड करून पडलेली. शेजारी पास्टर बसले होते.

"पास्टर, मले जावंसं नाही वाटून राह्यलं," ती म्हणत होती. "जिंदगीभर लोकायले शिकवलं, अन् आता मलेच भ्या वाटते. माहा इश्वास खोटा होता काय?"

पास्टर तरुण, धारणीकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाले, "बाई, शिपायांनी धरून क्रुसावर द्यायच्या आधी येशूसुद्धा देवबापाला म्हणाला होता, जमलं तर हे मरण माझ्यावरून टळू दे. घामानं भिजला होता तो. नंतर म्हणाला, तुझ्या मनासारखं होऊ दे."

"हो," सिस्टर म्हणाली. "त्यालेबी भ्या वाटलं होतं. मंग माह्यं काय!"

आणि ती रडली. इतक्या वर्षांत आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. मंदा जवळ जाऊन बसली, तर सिस्टर तिचा हात घट्ट धरून म्हणाली, "सोडू नको वं माय."

त्यानंतर तिनं हसून दाखवणं सोडलं. मंदा रोज दुपारी जायची. सिस्टर डोळे मिटून एवढंच पुटपुटायची, "तुह्या मनासारखं होऊ दे. पन जवळ राह्य."

त्या दुपारपासून नवव्या दिवशी चारच्या सुमारास तिची बोटं सैल पडली. मंदानं मात्र पास्टर येईपर्यंत तिचा हात सोडला नाही.