नळाला पाणी आले आहे

सात रस्त्यामागच्या सिद्धकृपा अपार्टमेंटमध्ये नळाला चार दिवसांआड पाणी येते आणि ते आल्याची बातमी तीन संगणक देतात. तिघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा येत नाही.

सोसायटीच्या खोलीतला विंडोजचा संगणक एका सभासदाने नवा घेतल्यावर दान दिलेला. गच्चीवर टाकीशेजारी लिनक्सवर चालणारा एक छोटा डबा. तिसरा मॅक, अध्यक्ष शिवशरण यांची मुलगी राजनंदिनी हिचा. ती पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते आणि ही व्यवस्था तिनेच बसवली होती. ठरल्या दिवशी सकाळी विंडोजने सर्वांना मोबाईलवर संदेश पाठवायचा आणि गच्चीवरच्या भोंग्यातून तिच्याच आवाजात सांगायचे, "नळाला पाणी आले आहे." विंडोज गप्प राहिला तर हे काम लिनक्सने करायचे. दोघेही गप्प राहिले तर मॅकने.

शनिवारी कळले की दुरुस्तीमुळे रविवारचे पाणी सोमवारी येणार. राजनंदिनी मैत्रिणीच्या लग्नासाठी अक्कलकोटला गेली होती. शिवशरण यांनी स्वतः खोली उघडून विंडोजवरची पाण्याची तारीख बदलली. बाकीच्या दोघांकडे ते गेले नाहीत. थोरल्याला सांगितले की घरात सगळ्यांना कळते, असा त्यांचा संसारातला अनुभव होता.

रविवारी सकाळी विंडोज सांगितल्याप्रमाणे गप्प राहिला. लिनक्सने थोडी वाट पाहिली, थोरला कामातून गेला असे समजून घेतले आणि भोंगा वाजवला.

पाणी आले म्हणजे आधी शिळे पाणी ओतायचे, ही इथली रीत. पिंपे, हंडे, कळश्या पालथ्या झाल्या. इमारतीच्या सगळ्या मोऱ्या एकदम खळखळल्या. मग लोकांनी नळ सोडले. नळांनी फुस्स केले.

तिसऱ्या मजल्यावरच्या मायाक्का रिकामा हंडा घेऊनच खाली आल्या. संध्याकाळी त्यांच्या नातवाचे बारसे होते.

"शिवशरणअण्णा, भोंगा तुमचाच न्हवं?"

"सोसायटीचा आहे, अक्का."

"मंग पानी कुटं हाय?"

"पाणी उद्या."

"उद्याचा भोंगा आज वाजिवला व्हय? बार्शीचं पाव्हनं येनार हायती. त्येंनी हात काय ताकात धुवायचं?"

"बघतो की मी."

"बगाच. सांजच्याला पानी न्हाय आलं तर खुर्ची सोडायची. मी पयल्यापास्नं म्हनतेय, ताट बडवाय एक मानूस ठिवा."

मागच्या निवडणुकीत शिवशरण यांनी मायाक्कांच्या यजमानांनाच पाडून ती खुर्ची मिळवली होती. ते तडक गच्चीवर गेले आणि त्यांनी लिनक्सच्या डब्याची पिन उपटली. भोंग्याची पिन वेगळी होती, ती त्यांना दिसली नाही. मग त्यांनी मुलीला फोन लावला.

"अप्पा, तुम्ही तारीख फक्त विंडोजवर बदलली?"

"बाकीच्यांना त्यानं सांगायला नको का?"

"ते एकमेकांशी बोलत नाहीत हो."

"एका घरात राहून?"

"मी संध्याकाळपर्यंत येते. तोवर कशालाही हात लावू नका."

ही सूचना शिवशरण यांनी अर्धा दिवस पाळली. दुपारी त्यांना वाटले, जसे होते तसे करून ठेवलेले बरे. त्यांनी विंडोजवरची तारीख पुन्हा रविवार सकाळची केली. रविवारची सकाळ तर होऊन गेली होती. राहून गेलेले काम दिसले की ते तत्काळ उरकायचे, अशी राजनंदिनीने विंडोजला शिस्त लावली होती. त्याने ते उरकले.

"नळाला पाणी आले आहे."

सकाळी ज्यांनी आळसाने पिंपे ओतली नव्हती, त्यांनी आता ओतली. एकदा चूक होऊ शकते, दोनदा कशी होईल, असा त्यांचा विचार होता. शिवशरण यांनी विंडोजही बटण दाबून बंद केला.

संध्याकाळी खाली मांडव भरला. बार्शीकर पाहुणे कोरडे पेले हातात घेऊन बसले होते. राजनंदिनी धावत घरी आली आणि सगळेच थांबवावे म्हणून तिने मॅक उघडला. मॅक शनिवारपासून झोपेत होता. जागा होताच त्याने पाहिले, विंडोज गप्प, लिनक्स गप्प. म्हणजे पाळी आपली.

"नळाला पाणी आले आहे."

"लई येळा येतंय की वो तुमच्याकडं पानी," दुपारीच आलेला एक बार्शीकर कौतुकाने म्हणाला. "आमच्याकडं न्हाय बाबा असं."

पाळण्याचे गाणे पुरे झाल्यावर मायाक्का दोरी सोडून उठल्या. "शिवशरणअण्णा..." त्यांनी सुरुवात केली, आणि मांडवाशेजारचा नळ खोकला, थुंकला आणि धो धो वाहू लागला.

पुढचा तासभर बारसे बाजूला राहिले. सगळे भरत होते. पाहुण्यांनीही घागरी वाहिल्या. बाळाचे नाव मागाहून ठेवले गेले.

भरणे उरकत आले तेव्हा मोटरसायकलवरून बिरुदेव आला. भागातल्या पाण्याची चावी फिरवणारा हा महापालिकेचा माणूस. शिवशरण यांनी मोठ्या अगत्याने त्याचा नंबर संदेशाच्या यादीत घातला होता.

"सायेब, माफी करा. सकाळी मेसेज आला, म्हनलं चुकून आला आसंल. दुपारी आला, म्हनलं बगू. तिसरा आला तवा घाबरलो. म्हनलं सायेब लई तापल्यात. दुरुस्ती दुपारीच उरकली हुती, जेवनावरनं उठलो आन चावी फिरिवली."

"अरे, पण पाणी 'आले आहे' असं लिहिलंय त्यात. आलं कुठं होतं?"

"हापिसात आसंच लिवत्यात की सायेब. आदी झालं म्हनून लिवायचं, मंग करायचं."

राजनंदिनीने त्याच रात्री विंडोज आणि मॅकवरचा कार्यक्रम पुसून टाकला; गच्चीवरच्या डब्याची पिन उपटलेलीच होती, ती तशीच ठेवली. मायाक्कांच्या सूचनेप्रमाणे ताट बडवायला माणूसही नेमला गेला.

पुढच्या पाण्याच्या दिवशी तो माणूस सकाळपासून ताट घेऊन उभा होता. नळ कोरडे. ऊन चढल्यावर शिवशरण यांनी बिरुदेवला फोन केला.

"मी कवाधरनं चावीपाशी बसलोय की सायेब," तो म्हणाला. "तुमचा मेसेजच न्हाय अजून. वरनं आल्याबिगर फिरवू कशी?"

शिवशरण यांनी फोन ठेवला. समोर मायाक्का रिकामा हंडा घेऊन सगळे ऐकत उभ्या होत्या. त्यांनी ताटवाल्याच्या हातातले ताट काढून घेतले आणि जिन्याकडे बोट दाखवले.

"अण्णा, जावा. त्या डब्याची तेवढी पिन लावून या."