उताऱ्यावरील प्रश्न

एका जंगलात, बाळांनो, असा वटहुकूम निघाला की नदीकाठचे कोवळे गवत केवळ सिंहभाषेच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांनीच खावे. बाकीच्यांनी माळावरची कुसळे चघळावीत.

कुसळांनी जिभेची चाळण झालेल्या वेणू नावाच्या भेकरीने करकोचे गुरुजींच्या वर्गात नाव घातले. गुरुजींची पद्धत विख्यात होती. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याखाली रेघ मारायची, ते वाक्य उतरवायचे. प्रश्न चार गुणांचा असल्यास पुढचेही वाक्य उतरवायचे.

"पण गुरुजी, या वाक्याचा अर्थ काय?" वेणूने विचारले.

"वेणूताई, परीक्षेत अर्थ विचारत नाहीत. प्रश्न विचारतात."

ससेभाऊ खुसखुसले. "अहो ताई, पास व्हायचंय की शहाणं व्हायचंय?"

वेणू खजील झाली. पण खोड जाईना. घरी ती प्रत्येक शब्द अर्थासह घोकत राहिली.

परीक्षा एका गुहेत भरली. उतारा खुद्द राजवाड्यातून आला होता: 'महाराज आज शेवटच्या घंटेला या गुहेत येतील. त्यांनी तीन दिवस काही खाल्लेले नाही. गुहेला दार एकच आहे.'

"किती सोप्पा!" ससेभाऊ हरखले. महाराज कधी येतील? रेघ. किती दिवस उपाशी आहेत? रेघ. दारे किती? रेघ.

वेणू ताडकन उठली. "गुरुजी! महाराज येताहेत!"

"उत्तर अचूक आहे," उंच कपारीत बसलेले गुरुजी म्हणाले. "परंतु ते पूर्ण वाक्यात, कागदावर लिहा."

"ससेभाऊ, उठा हो! आपल्याला खाणार आहेत!"

"हे उताऱ्यात कुठे आहे?" ससेभाऊंनी मान वर न करताच विचारले. "मनचं लिहिलं की गुण कापतात, ताई."

वेणू कोरा कागद टाकून दाराबाहेर पळाली. मागे शेवटची घंटा झाली.

निकाल लागला. गुहेतल्या सर्वांना पैकीच्या पैकी. वेणू तेवढी नापास. प्रमाणपत्रे घरोघरी पोचती झाली.

पुढच्याच आठवड्यात गुरुजींच्या वर्गाबाहेर माळापर्यंत रांग लागली. वेणू वाटेत आडवी उभी राहिली. "जाऊ नका, बायांनो!"

रांगेत सर्वांत पुढे ससेवहिनी होत्या. त्यांनी वेणूला नखशिखान्त न्याहाळले.

"तुम्हाला शून्य ना? सरा बाजूला. आमच्या ह्यांना पैकीच्या पैकी होते!"

तात्पर्य: बाळांनो, उतारा समजून घेण्याच्या फंदात पडू नका. ज्याला तो समजतो, त्याला उत्तरे लिहायला वेळ उरत नाही.