गावरीलच्या गाठोड्यातला स्वेटर

सावेताने स्वेटरची बाही दोन्ही हातांनी ताणली, सोडली, उलटी करून आतले टाके नखाने खरवडले आणि विचारलं, "टिकेल किती?"

"तीस वर्षं," अनिसिया म्हणाली. शुक्रवारच्या बाजारात स्वेटर विकून तिने तीन मुलींची लग्नं लावली होती, त्यामुळे तिची जीभ अडखळत नसे. "धुवा, आपटा, पिळा. दोरासुद्धा हलणार नाही."

"तीस पुरायचे नाहीत गं."

"आजी, घेताय तरी कुणासाठी?"

"म्हाताऱ्यासाठी. ह्यात पुरायचंय त्याला."

अनिसियाने ताबडतोब चेहरा पाडला. "अरेरे. कधी गेले?"

"जातोय कुठला. घरी बसून मका सोलतोय."

अनिसियाला यात काही विचित्र वाटलं नाही. बुकोविनाच्या त्या मुलखात सत्तरी ओलांडली की प्रत्येकाचं मरणाचं एक गाठोडं बांधलं जातं. सूट, सदरा, बूट, मेणबत्त्या, टॉवेल, सगळं कोरं करकरीत. ऐन वेळी धावाधाव नको आणि शेजाऱ्यांना बोलायला जागा नको. सावेताच्या नवऱ्याचं, गावरीलचंही होतं. पण ऑक्टोबरात डॉक्टरने सावेताला दाराबाहेर बोलावून सांगितलं, "हृदय थकलंय. हा हिवाळा निघेल असं वाटत नाही. त्यांना मात्र सांगू नका." तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. गावरील जन्माचा कुडकुड्या. जुलैतही बनियनवर बनियन घालणारा. तो नुसत्या सुटात त्या गार मातीत कसा पडून राहील?

"मग हा स्वस्तातला, साठ लेईचा घ्या की," अनिसियाने दुसरा स्वेटर पुढे सरकवला. तशी बाई प्रामाणिक होती. "एकदाच तर घालायचा."

"एकदाच, पण पार शेवटच्या निवाड्याच्या दिवसापर्यंत. तोवर त्याला गोळे धरले म्हणजे? शिवाय तिकडे माझी सासू बसलीये. गेल्या गेल्या अंगावरचा उतरवून उकळत्या राखेच्या पाण्यात टाकेल. आटला तर म्हणेल, बघ, तुझ्या बायकोने काय दिलंय."

आता अनिसियाही गंभीर झाली. "कडक होती?"

"तिच्या हाताखाली चादरी मरायच्या."

"मग हाच न्या. एकशेवीसचा एकशेदहाला देते. सासू मलाही आहे."

सावेताने घरी येऊन स्वेटर पेटीतल्या गाठोड्यात दडवला आणि कुणाला काही बोलली नाही. चौथ्या दिवशी ती गोठ्यातून दूध घेऊन आत आली, तर गावरील चुलीपाशी बसलेला, अंगात तोच करडा स्वेटर.

"हा कुठनं काढलास?"

"पेटीत होता. बरोब्बर मापाचा आहे."

"काढ आधी. तो सणाला घालायचाय."

"कुठल्या सणाला?"

आता काय सांगणार, कपाळ? तिने बादली खाली ठेवली. गावरीलने हात चुलीकडे न करता मांडीवर ठेवले होते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. "सावेता," तो म्हणाला, "सत्तर वर्षांत पहिल्यांदा पाठ गरम लागतेय गं."

पण रीत म्हणजे रीत. वापरलेल्या कपड्यात माणसाला पाठवत नाहीत. शेवटी तिने मनाशी ठरवलं, घालू दे बापड्याला. आपण धुऊन धुऊन तो कोरा ठेवायचा. हे ठरवताना तिने गावरीलचा विचार केला नव्हता. नाताळाआधी डुक्कर कापलं, तेव्हा तो कोपरापर्यंत रक्ताने माखून आला. सावेताचा संताप झाला. रागाच्या भरात तिने मोठं पातेलं चढवलं, राख घातली, पाणी उकळलं आणि स्वेटर आत ढकलून दिला.

शेजारची पारास्किवा मीठ मागायला आली होती, ती दारातच थबकली. "लोकर उकळतेस? डोकं फिरलं का तुझं? बाहुलीच्या मापाचा होईल."

"होऊ दे. म्हणजे तरी उतरवेल अंगातून. दुसरा आणीन."

तासाभराने सावेताने काठीने तो वर काढला. दोघींनी धरून पसरला. बोटभरही आटला नव्हता. डाग नाही, गोळा नाही, बाहीचा काठ जिथल्या तिथे. पारास्किवाने मीठ खाली ठेवलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली. सासूचे हात आठवून सावेताने आणखी एकदा उकळला. स्वेटर होता तसाच.

"धन्य ती मेंढी," पारास्किवा पुटपुटली.

मग काय, बातमीला पाय फुटले. जानेवारीत गावरीलने गाडीच्या आसाचं वंगण स्वेटरच्या पोटाला फासून घेतलं, तेव्हा पातेल्याभोवती चार बाया उभ्या होत्या. फेब्रुवारीत भाच्याच्या लग्नात त्याच्यावर तांबड्या वाईनची अख्खी सुरई उपडी झाली. दुसऱ्या दिवशी सावेताच्या अंगणात बसायला बाकं टाकावी लागली. स्वेटर पातेल्यातून वर आला की सगळ्या जणी श्वास रोखायच्या आणि मग देवळात असतात तशा गप्प व्हायच्या. पाद्रीबाबासुद्धा एकदा सहज म्हणून डोकावून गेले. अनिसियाकडचे सगळे करडे स्वेटर संपले.

सावेताचे मात्र हाल होते. धुतलेला स्वेटर चुलीवरच्या दोरीला दोन दिवस वाळत घालावा लागे आणि ते दोन दिवस गावरील घोंगडीत गुंडाळून खोकत बसायचा. दर वेळी तिला वाटे, आत्ता हातात आहे तर घालावा गाठोड्यात, लावावं कुलूप. मग तो खोके आणि ती अर्धवट ओला स्वेटरच दोरीवरून ओढून त्याच्या डोक्यातून घाली. आपण याला वाचवतोय की याचं जाणं नासवतोय, हे तिला कळेना. तिने देवाला विचारून पाहिलं. मग पातेलं पुन्हा चढवलं.

मार्च गेला. बर्फ वितळलं, छपरावर करकोचे आले. एका सकाळी सावेता ॲप्रनला हात पुसत गावरीलपुढे उभी राहिली.

"हिवाळा संपला. दे आता तो."

"नाही देणार."

"ऊन पडलंय बाहेर. कशाला हवाय?"

गावरीलने स्वेटरचा काठ दोन्ही मुठींत धरला. "तुला कशाला हवाय, ते सांगू? गाठोड्यात घालायला."

सावेता बाकावर बसली. "तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरने. हिवाळा काढणार नाही म्हणाला. वर म्हणाला, बायकोला सांगू नका, घाबरेल."

"मेला. मलाही तेच म्हणाला."

"मग मी पेटी उघडून पाहिली. सगळं तयार. काही म्हणून कमी नाही. माझी आज्जी सांगायची, गाठोडं भरलं की वरून हाक येते. अर्धं गाठोडं घेऊन तिकडे कुणाला घेत नाहीत. म्हटलं, एक वस्तू काढून ठेवू. सूट काढणार होतो, पण तो काखेत काचतो."

"म्हणजे हिवाळाभर मी हात भाजून घेत होते आणि तू..."

"तू धुवायला काढलास ना, की माझा जीव टांगणीला लागायचा. वाटायचं, आज जातो गाठोड्यात. पण परत आणून द्यायचीस."

सावेताने नाक ओढलं. मग उठून आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि गावरीलचा चेहरा पांढरा पडला. ती बाहेर आली ती गाठोड्यातले काळे, चकचकीत, कधी जमिनीला न लागलेले बूट घेऊन. तिने ते त्याच्या पायांशी ठेवले.

"घाल."

"कोरे आहेत ते."

"म्हणून तर."

"चावतील गं."

"चावू देत," सावेता म्हणाली. "रोज घातलेस की होतील सैल."