मूळ शाबूत आहे

"अंधारात झाडं जगवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ," असं मी आत्याला सांगितलं, आणि तेही कंबरेवर हात ठेवून. आमच्या घरात कंबरेवर हात ठेवून बोललेलं खरं मानतात, हे मला नुकतंच कळलं होतं.

आत्या दातांची डॉक्टर. तिने नवा दवाखाना काढला तो तळघरात. खिडकी नाही. जिन्यावरून चिमूटभर उजेड येतो आणि तोही दारात थबकतो. बाकावरची ट्यूब सारखी फडफडायची, म्हणून आत्याने ती बंदच करून टाकली. पेशंट यायचे, बसायचे, आतलं यंत्र 'घींऽऽ' करायचं आणि आत्या हाक मारायला बाहेर यायची तोवर बाक रिकामा.

"शाळेच्या मुलांचे दात तपासायचं काम मिळालं तर दवाखाना तगेल," आत्या म्हणाली. "नाहीतर कुलूप. तुमच्या मोठ्या बाई आधी स्वतःची दाढ दाखवायला येणार आहेत. त्यासुद्धा पळाल्या, तर संपलंच म्हणून समज."

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या वर्गात आल्या की पंखासुद्धा आवाज न करता फिरतो.

"बाकासमोर काचेची टाकी ठेवू," मी म्हणाले. "आत खरी झाडं, वर एक बारका दिवा. पाण्याकडे बघत बसलं की माणूस शांत होतो."

"एवढ्याशा उजेडात झाडं जगतील?"

तेव्हाच मी ते डाव्या हाताचं बोलले.

माशांच्या दुकानातले काका वाक्याच्या मध्येच जांभई देतात, म्हणून मी त्यांचं नाव जांभईकाका ठेवलंय.

"उजेड कमी? मग जावा फर्न ने. ही वाळूत पुरायची नाही हं. पुरलीस की गेली. लाकडाला दोऱ्याने बांधायची. आणि हे क्रिप्ट ने. नव्या जागी गेलं की याची पानं वितळतात, पार मेल्यासारखं दिसतं. फेकून देऊ नकोस. मूळ शाबूत असेल तर ते..." इथे एक लांबलचक जांभई. "...परत येतं."

"आणि मासे?"

"मासे मागाहून. आधी झाडं रुजू देत."

घरी येऊन क्रिप्ट या शब्दाचा अर्थ शोधला. मेलेल्या माणसांना ठेवायचं तळघर. म्हटलं चला, झाडाला जागा तरी ओळखीची वाटेल.

टाकी लावली. मग लाकडाने रंग सोडला. पाणी आधी चहासारखं झालं आणि नंतर दात काढलेल्या माणसाने चूळ भरल्यावर बेसिन दिसतं तसं लालसर. क्रिप्टची पानं विरघळून काचेला चिकटली. जावा फर्नच्या पानांच्या टोकांना मात्र इवली इवली पिल्लं फुटली आणि त्यांची काळी, बारीक मुळं पाण्यात केसांसारखी लोंबायला लागली. मला कोण आनंद! पिल्लं फुटली म्हणजे झाड खूश.

पेशंट खूश नव्हते.

"आत कोणीतरी आहे," बाकावर बसलेला शिंपी कुजबुजला.

"आत आत्या आहे, काका."

"तिकडे नाही. पाण्यात. माझ्याकडे बघत होतं."

"छे हो, त्यात अजून मासासुद्धा नाही."

हे मी धीर द्यायला म्हणाले होते. पण ते चपला हातात घेऊन जिना चढून गेले.

मी हसले. मग काच पुसायला वाकले, आणि अगदी कानाजवळ आवाज आला. गुळुप. पाण्यावर एक बुडबुडा फुटला आणि लोंबणारे ते केस वाऱ्यावर हलावेत तसे हलले. तळघरात वारा नसतो. मी मोठमोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. एरवी तो मला येत नाही.

मोठ्या बाई यायच्या त्या संध्याकाळी शाळा सुटल्या सुटल्या मी दवाखाना गाठला. टाकीतला जावा फर्नचा एक घाणेरडा झुपका उपसून हातात घेतला आणि पडद्यामागच्या मोरीपाशी उभं राहून जांभईकाकांना फोन लावला. बाई वेळेआधीच येऊन गाल धरून बाकावर बसल्यात, हे मला कोणी सांगावं?

"वरचं सगळं सडलंय," मी फोनवर म्हणाले. "हात लावला की गळून हातात येतं. हो, मूळ शाबूत आहे. कापून टाकू का?"

बाक कर्रकन वाजला. मला वाटलं, लाकूड जुनं आहे.

"नाही, आत्याला नाही सांगितलं. आधीची मी चुकून पुरली ना, ती गेली. म्हणून हिला दोऱ्याने घट्ट बांधून ठेवलीय. आता हलत नाही. वास? येतो थोडा. पण पेशंटना कुठे कळतंय, अंधारच असतो."

आणि खट्ट झालं. टाकीच्या दिव्याला मी टायमर लावला होता, कारण दिवा फार वेळ चालू राहिला की शेवाळ माजतं. सगळीकडे मिट्ट काळोख.

गुळुप.

"कोण आहे तिथे?" मोठ्या बाईंचा आवाज. हाच आवाज प्रार्थनेच्या वेळी मैदानाच्या पार टोकाला पोचतो. आत्ता तो उंदराच्या पिल्लाएवढा होता.

मी चाचपडत धावले आणि त्यांना धीर द्यायला खांद्यावर हात ठेवला. ओला, गार हात. त्याला काळे केस चिकटलेले.

बाई किंचाळल्या. त्या आवाजाने आतलं दार उघडलं आणि काळोखातून एक पांढराफटक डोळा तरंगत आमच्याकडे आला. तो आत्याच्या कपाळावरचा दिवा होता, पण हे बाईंना कोण सांगणार? त्यांनी श्वास घेतला आणि आधीपेक्षा मोठा आ केला.

डोळा थांबला. खाली झुकला.

"हलू नका, बाई," आत्या हळुवार म्हणाली. "तोंड असंच राहू दे. वरची, शेवटची दाढ. वा! किडलीय खूप, पण मूळ शाबूत आहे."

आत्याने तोवर तोंडात आरसा घातला होता, त्यामुळे बाई पळाल्या नाहीत. दाढ वाचली. ठणकाही थांबला. जाताना त्यांनी शाळेचं काम आत्यालाच दिलं, फक्त एका अटीवर. "तपासणी पटांगणात करायची. भर उन्हात." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू हात धू."

आत्याला एवढा आनंद झाला की ती मला ओरडायचं विसरली. टाकीवर हात ठेवून म्हणाली, "पण तज्ज्ञबाई, मासा सोडलास ते सांगायचंस ना. आवाजावरून चांगलाच दांडगा वाटतोय."

"मी मासा सोडलाच नाही, आत्या."

तिने हात काढून घेतला. कपाळावरचा दिवा तिने पाण्यावर धरला. क्रिप्टला मधोमध एक नवं कोवळं पान आलं होतं. काका म्हणाले होते तसंच ते परत आलं होतं. आणि ते पान अर्धं खाल्लेलं होतं.

मी फोन लावला.

"झाडांबरोबर कधीकधी दुसरंही काहीतरी येतं," जांभईकाका म्हणाले. "घाबरायचं काही नाही. फक्त एक लक्षात ठेव, टाकीत हात घालताना..."

इथे त्यांना जांभई आली, आणि ती संपायच्या आत माझ्या फोनने मान टाकली.

तेव्हा कमी उजेडात कोणती झाडं जगतात, हे मला केव्हाही विचारा. आणखी काय काय जगतं, ते विचारायचं माझ्याकडून जरा राहून गेलंय.