दोन वर्षं इकडं-तिकडं

आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला डॉ. भोईर नाव विचारत नाहीत. "आ करा," म्हणतात. लिफ्टमध्येसुद्धा. माणूस भांबावून आ करतो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत त्याच्या दाढांची हजेरी लागलेली असते.

डॉक्टर दातांचे. दवाखाना उल्हासनगरात कॅम्प दोनला, राहणं बदलापुरात माझ्या शेजारी. पण त्यांचा खरा जीव जबड्याच्या एक्स-रेवर. कुणाच्या वयावरून वाद झाला की पोलीस त्याचा एक्स-रे त्यांच्याकडे धाडतात. अक्कलदाढेचं मूळ किती उतरलंय ते पाहून डॉक्टर वय सांगतात आणि वर पुस्ती जोडतात, "दोन वर्षं इकडं-तिकडं." सवय इतकी, की परवा मी वेळ विचारली तर म्हणाले, "सव्वासात. पाच मिनिटं इकडं-तिकडं."

जन्माच्या दाखल्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. सोसायटीत अकरा जणांचा वाढदिवस एक जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. डॉक्टर त्या दिवसाला 'मास्तरांची जयंती' म्हणतात. पेढे मात्र अकराही घरचे खातात. बायकांना त्यांनी अभय दिलंय, "पंचविशीनंतर दाढ चहाडी करत नाही, वहिनी." तेव्हापासून मी त्यांच्यासमोर मोकळेपणानं हसते.

जवळच्या चामटोली गावची कमल माझ्याकडे कामाला येते. तिच्या सोनालीची दाढ दुखत होती, म्हणून मीच तिला डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी दाढेचं औषध दिलं आणि बोलता बोलता लग्नाचं कळल्यावर कमलला सांगितलं, पोर सोळाची आहे, ठरवलेला साखरपुडा मोडा. रविवारी सोनालीचा बाप भगवान त्यांच्या दारात उभा. आवाज ऐकून मीही बाहेर आले.

"दाखल्यावर अठरा हायेत," तो म्हणाला.

"जन्मतारीख?"

"एक जून."

डॉक्टर नुसते हसले.

"बरं, तुमचंच धरू. तुम्हीच बोलता ना, दोन वरसं इकरं-तिकरं? मग तिकरं धरा. झाली अठराची."

मला वाटलं, आता डॉक्टर आपल्याच पुस्तीत अडकले.

"आणि इकडं धरली तर चौदाची," ते शांतपणे म्हणाले. "चालेल?"

भगवाननं पुन्हा दाखला पुढे केला.

"शंका असली की ती पोरीच्या बाजूनं धरायची, भगवान. साखरपुडा केलास तर हाच एक्स-रे घेऊन मी पोलिसात जाईन. त्यापेक्षा तिला बारावी करू दे."

तो पाय आपटत गेला. पण साखरपुडा मोडला, आणि सोनाली आता कॉलेजला जाते.

त्या रविवारी मी डॉक्टरांना म्हटलं, "कमाल केलीत. अगदी ठरवून ठेवल्यासारखं उत्तर."

"ठरवूनच ठेवलं होतं. चाळीस वर्षं." त्यांनी पाकिटातून एक जुना फोटो काढला. मुंडावळ्या बांधलेली एक मुलगी. "माझी ताई. हिच्या वेळी मास्तरांनी दाखल्यात तिकडं धरली होती. मी सातवीत होतो, लग्नात जिलब्या वाढत होतो. पहिल्या बाळंतपणात गेली."

फोटोतली मुलगी ओठ घट्ट मिटून बसली होती.

"किती वर्षांची होती?" मी विचारलं.

डॉक्टरांनी फोटो परत पाकिटात ठेवला.

"माहीत नाही, वहिनी," ते म्हणाले. "तिला आ करा म्हणणारं तेव्हा कुणी नव्हतं."