पोटाची बदली

भिला आप्पा पाटलांनी आयुष्यात कधी वजन कमी केलं नाही. ते वजनाची बदली करत.

"भाऊ, चरबी वाईट नसते," ते मला समजावत. "तिची नेमणूक चुकीच्या जागी झालेली असते. पोटातून उचलायची आन् छातीत, दंडात रुजू करायची. बस."

बदलीला वशिला लागतो हे मी त्यांना सांगून पाहिलं. आप्पांच्या पोटातली चरबी तर पंधरा-वीस वर्षं तिथं ठाण मांडून बसलेली. तिचे लागेबांधे पार वरपर्यंत होते. गळ्यापर्यंत तर मी स्वतः पाहिले होते.

सुरतेला उधन्यात आम्ही एकाच इमारतीत राहायचो. तळमजल्यावर लूमचा कारखाना, वर तीन मजले भाड्याच्या खोल्या. मी परभणीकडचा, पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये कारकून. माझी तब्येत अशी, की वारं सुटलं की बायको आधी खिडकी लावायची, मग मला शोधायची. आप्पा चोपड्याकडचे. बिघडलेले माग दुरुस्त करायचं त्यांचं काम. वय पंचेचाळिशीचं, राहणं तिसऱ्या मजल्यावर, एकट्याचं. बायको गावी. ती का येत नाही असं विचारलं की म्हणत, "शेती पाहते." विषय तिथंच संपायचा.

'सुरतचं जेवण आणि काशीचं मरण' असं इकडे म्हणतात. आप्पांनी त्यातला पहिला भाग इतका मनावर घेतला होता, की दुसऱ्या भागासाठी काशीला जायचीही गरज पडली नसती. सकाळी वाफाळता लोचो, दुपारी तर्रीदार शेवभाजी आणि भाकरींची चवड, संध्याकाळी भजी. एकदा आम्ही त्यांना भरीत खायला बोलावलं. परात रिकामी करून ते माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, चव पाहिली. फक्कड आहे. आता वाढा."

असा हा माणूस. आम्ही दिवाळीला गावी जाऊन आलो, तर यांनी व्यायामशाळेत नाव घातलेलं.

व्यायामशाळेचे मनहरभाई सरळ माणूस. त्यांनी पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहेलां खावानुं ओछुं करो." आधी खाणं कमी करा. आप्पा घरी आले ते तणतणत.

"भूक मारा म्हणे! भूक काय उंदीर आहे?"

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. ढीग तेवढाच ठेवायचा, ढिगातला माल बदलायचा. दुधी, पालक, कोबी, काकड्या अशा दोन्ही हातांत पिशव्या भरून ते बाजारातून निघाले, की भाजीवाली विचारायची, "भाई, घरे प्रसंग छे?" घरी कार्य आहे का?

"हो," आप्पा गंभीरपणे सांगत, "मी जेवणार आहे."

लग्नाच्या पंगतीला पुरेल असल्या पातेल्यात ते दुधी शिजवत. मोड आणायला मूग भिजत ते बादलीत. भाकरी दोनवर आली होती, पण ताट ओकंबोकं दिसू नये म्हणून तिच्याभोवती काकडीचं कुंपण असायचं. शिवाय कुणीतरी सांगितलं होतं, की घास बारीक चावला की कमी लागतो. त्यामुळे जेवताना त्यांना काही विचारलं, की उत्तर येईपर्यंत आपण खाली जाऊन दूध आणावं, एवढी सवड मिळायची.

आणि तरीही भूक लागलीच तर?

"भूक पाहुणी शे, भो. तिला बसवायचं, गप्पा मारायच्या. कंटाळली की जाते आपोआप."

या पाहुणीला घेऊन ते आमच्याकडे येऊन बसत, आणि माझ्या बशीतल्या चिवड्याकडे दोघंही टक लावून पाहत.

उत्तरायणाला मात्र पाहुणीने घर ताब्यात घेतलं. गच्चीवर पतंग, खाली उंधियुं आणि जिलबी. आप्पांनी आधी वास घेतला, मग 'चवीपुरतं' घेतलं, मग पातेलं खरवडायला मदत केली. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दारात उभे. "वैनी, प्रायश्चित्त सांगा."

नेमका आमचा गॅसचा सिलिंडर आला होता. तो त्यांनी वर आणला. त्यानंतर सगळ्या इमारतीचे सिलिंडर तेच आणू लागले. लोक सिलिंडर खांद्यावर नेतात. आप्पा तो दोन्ही हातांवर आडवा धरून, लेकराला दवाखान्यात न्यावं तसा नेत. "खांद्यावर घ्या की," मी म्हणालो. "नाही. असाच जमला पाहिजे," ते म्हणाले. आमच्या इमारतीत सगळी सुसंस्कृत माणसं असल्यामुळे फुकट हमालाला कारण विचारायचा उद्धटपणा कुणी केला नाही.

काही महिन्यांनी ते मला स्टेशनवरच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. नाणं टाकलं, दिवे फिरले, कार्ड पडलं. वजन जिथल्या तिथं! मला झालेला आनंद मी मित्रत्वाच्या नात्याने लपवला.

आप्पा मात्र खूश. त्यांनी पॅन्ट पुढे ओढून दाखवली. आत एक भाडेकरू सहज राहिला असता. शर्टाच्या बाह्या मात्र दंडावर तटतटल्या होत्या.

"वजन तेच शे, भाऊ. पत्ता बदलना."

पुढच्याच आठवड्यात ते गावी गेले आणि रविवारी सकाळी रिक्षाने परतले. रिक्षात एक बारीकशी बाई बसली होती. आप्पांची बायको, सुमनबाई. ती उतरेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तिला उतरता येत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी घराच्या धाब्यावरून पडून तिचा खुबा मोडला होता. मी धावत जाऊन खुर्ची आणली.

"खुर्ची राहू द्या," आप्पा म्हणाले. "या जिन्यात खुर्ची धरून दोन माणसं मावत नाहीत. दिवाळीले पाहिलंय मी."

"दिवाळीले पहिल्या मजल्यावरच बसवलं होतं मला," सुमनबाई हसत म्हणाल्या. "यांचं पोट मधी येत होतं. दम लागला, घाम फुटला, कारखान्यातले सगळे पाहायला आले. मीच म्हटलं, राहू द्या, मी गावीच बरी."

हसता हसता त्यांनी पदर सारखा केला. आप्पा जिन्याकडे पाहत होते.

मग त्यांनी तिला उचललं. पिशवी घेऊन मी मागून चढत होतो. पहिला मजला आला, ते थांबले नाहीत. दुसऱ्याच्या वळणावर सुमनबाईंचा आवाज ऐकू आला, "पोट कोठे गयं तुमनं?" आप्पा पुढची पायरी चढले. श्वास वाचवत होते.

तिसऱ्या मजल्यावर त्यांनी तिला गॅलरीत नेलं. लांबवर गिरण्यांची धुराडी दिसत होती.

"आते उतारा माले."

"थांब जरा."

सुमनबाई खाली पाहून म्हणाल्या, "आता मी आठे वरच बसू ना? परत जिना नको."

"बसाले आणलं का तुले? सांजले खाली जाऊ."

आणि संध्याकाळी ते खरंच उतरले. समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर त्यांनी तिला बसवलं आणि शेजारी टेकले. माझ्या बायकोने दिलेला चहा घेऊन मी गेलो, तेव्हा दोघं येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षा पाहत होते. आप्पांचा शर्ट घामाने चिकटला होता.

"दम लागला का?" सुमनबाईंनी विचारलं.

"लागू दे," आप्पा म्हणाले. "तेवढं बसाले भेटतं."